परीक्षेची पेशंट

दिग्विजय खुर्ची ओढून खाटेशी बसला, तशी वेणूबाई मनात म्हणाली, ये बाबा, तुझीच वाट बघत व्हते.

पोराच्या कपाळावर घाम होता. एमबीबीएसची शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा. समोर पेशंट, आणि थोड्या वेळाने परीक्षक येऊन विचारणार, हिला काय झालंय? खराडीतल्या या हॉस्पिटलच्या, त्याच्या कॉलेजच्याही, डायरेक्टरचा हा एकुलता एक मुलगा. पण परीक्षक दुसऱ्या कॉलेजचे होते. त्यांच्यापुढे वडिलांची पुण्याई चालणार नव्हती.

वेणूबाईला हे नवं नव्हतं. लहानपणी सांधेताप आला आणि हृदयाची झडप आकसली. तिच्या छातीतला आवाज शिकण्याजोगा, म्हणून कॉलेजवाले तिला दर परीक्षेला येरवड्याहून बोलावून घेत. चहा-उपमा मिळे, मान मिळे. मुलं नळी लावता लावता हळूच विचारायची, मावशी, काय आहे? आणि ती पुटपुटायची, डावीकडची झडप हाय, आकसलीया. सगळ्यांना ठाऊक असलेला, पण कुणीच न बोलायचा असा हा रिवाज. अर्धं पुणं माझीच लेकरं बरं करत्यात, असं ती शेजारणींना ऐटीत सांगायची.

या वर्षी मुलं जरा जास्तच घाबरली होती. घाबरतील नाही तर काय! शेजारच्या देशांशी व्यापार खुला झाला, करार झाले, आणि ढाक्याहून, काठमांडूहून, मालदीवहून पेशंट विमानाने यायला लागले. गरिबांचा जनरल वॉर्ड मोडून त्यांच्यासाठी एसी खोल्या बांधल्या. एवढ्या लांबून आलेली माणसं शिकाऊ पोरांना अंगाला हात कशाला लावू देतील? मग पोरं शिकणार कुणावर? कॉम्प्युटरच्या पडद्यावरची हृदयं बघत बसली बिचारी.

तो वॉर्ड रिकामा होत होता, तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर वेणूबाईचा नवरा होता, उत्तरेश्वर. छातीत पाणी झालेलं, दोन शब्द बोलला की धाप लागायची. त्याला खाटेवरून उठवायला वॉर्डातले डॉक्टर तयार होईनात, म्हणून डायरेक्टरने मुलाला पाठवलं. पांढरा कोट घालून दिग्विजय आला, वेणूबाईच्या देखत त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड हसून म्हणाला, "काही झालेलं नाही तुम्हाला, बाबा. घरी जाऊन आराम करा."

उत्तरेश्वर भोळा माणूस. डॉक्टरच म्हणाला म्हणून खूश झाला, शेजारच्या खाटांना राम राम करून घरी आला, आणि आठवड्याच्या आत गेला. तो डॉक्टर नव्हताच, डायरेक्टरचा अजून शिकणारा मुलगा होता, हे वेणूबाईला मागाहून कळलं. तेव्हापासून तिच्या पोटात आग होती. परीक्षेसाठी फोन आला, तेव्हा तिने एकच विचारलं, मोठ्या सायबाचा पोरगा बसणार हाय का? हो म्हटल्यावर तिने ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलं.

सकाळी नम्रता नावाच्या मुलीला तिने न विचारताच सगळं सांगून टाकलं होतं. पोरगी पाया पडून गेली.

आता दिग्विजयची पाळी. त्याने नळी इकडे लावली, तिकडे लावली. छातीत आवाज घुमत होता, पण त्याला कळेल तर शपथ. शेवटी दाराकडे बघत तो तिच्या कानाशी वाकला.

"मावशी, काय आहे तुम्हाला?"

वेणूबाईने त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. ओळख नव्हती. खाटेवरून उठवलेला म्हातारा त्याच्या डोक्यातूनही केव्हाच उठून गेला होता. मेल्याला तेवढं जरी आठवलं असतं, तरी तिचं मन कदाचित पाघळलं असतं.

"काय बी न्हाई, सायेब," ती कुजबुजली. "औंदा पेशंट कमी पडले, म्हून धडधाकट मानसं बी बसवल्यात."

परीक्षक आले. पेठेतले जुने डॉक्टर, आवाज न चढवता सालपट काढणारे. काय सापडलं म्हणून त्यांनी विचारलं, आणि दिग्विजयने छाती पुढे काढून सांगितलं, हृदय अगदी नॉर्मल आहे, सर. त्यांनी स्वतः नळी लावली. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"अहो, ही आपण कानांतही घालता, की नुसती गळ्यात मिरवता?" ते म्हणाले. "सहा महिन्यांनी भेटू." आणि पुढच्या खाटेकडे वळले.

दिग्विजयचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने खाटेची दांडी घट्ट धरली. मावशी, तुम्ही खोटं का सांगितलंत, मी नापास झालो, असं काहीबाही तो बोलत राहिला.

वेणूबाई उठून बसली. पदर सावरला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, गोड हसली, आणि त्याच्याच स्वच्छ, शहरी भाषेत म्हणाली,

"काही झालेलं नाही तुम्हाला, बाबा. घरी जाऊन आराम करा."