पाच गुणांची लाथ

तायक्वांदोची अंतिम लढत संपत आली, तरी ती चार गुणांनी मागेच होती. छातीवरच्या लाथेला दोनच मिळणार. फिरून डोक्यावर बसली तरच पाच. “डोक्यावर मार,” प्रशिक्षकाच्या खुर्चीतून बाबा ओरडले. समोर जिवलग मैत्रीण होती. सकाळच्या लढतीत डोक्याला लाथ लागल्यापासून तिला गरगरत होतं, उलटीही झाली होती. “कुणाला सांगू नकोस, माझी शपथ,” मैत्रिणीने बजावलं होतं. तोंड उघडावं तर शपथ मोडणार, पाय उचलावा तर मैत्रीण कोसळणार. तेवढ्यात मैत्रिणीचा हात खाली आला, डोकं उघडं पडलं. तिने गर्रकन फिरून पाय मैत्रिणीच्या कानापर्यंत नेला आणि तसाच खाली घेतला. वेळ संपली. बाबांनी मान फिरवली. हात मिळवताना मैत्रीण कुजबुजली, “मुद्दाम सोडलंस ना मला?” “अजून कुठे सोडलंय,” म्हणत तिने मैत्रिणीला मनगट धरून थेट डॉक्टरांपुढे नेलं.