समुद्राकडची वाट

नव्या हॉटेलवाल्याने समुद्राकडे जाणारी वाट कुंपण घालून बंद केली, तेव्हा गावात सगळ्यात जास्त संतापले ते निवृत्त शिक्षक भास्कर लिमये. "किनारा अख्ख्या गावाचा आहे, अडवणारा हा कोण?" असं म्हणत त्यांनी दोन वर्षं रत्नागिरीच्या कचेरीत खेटे घातले आणि शेवटी सार्वजनिक वाट शोधायला सरकारी मोजणीदार गावात आणलाच.

सगळा गाव गोळा झाला. मोजणीदाराने जुना नकाशा उलगडला, फीत धरली आणि मोजत मोजत निघाला. हॉटेलचं कुंपण डावीकडे सोडून तो पुढे गेला, एक दगडी गडगा ओलांडला आणि थेट लिमये गुरुजींनी गेल्याच वर्षी बांधलेल्या पडवीत जाऊन थांबला.

"गुरुजी, गावाची वाट इथूनच जाते."

गुरुजी नकाशा उलटासुलटा करून पाहू लागले. लोक एकमेकांकडे बघत गालातल्या गालात हसत होते. तेवढ्यात गुरुजींच्या पत्नी मालिनीबाई आतून आल्या आणि त्यांनी पडवीची पुढची-मागची दोन्ही दारं सताड उघडली.

"जा हो सगळे, खुशाल जा! फक्त परतताना पाय बाहेर धुवा. केर यांना नाही, मला काढायचा असतो."