पाहुण्यांचं खातं

"आजपासून आपण स्वतंत्र!" माझ्या नवऱ्याने, सेरझानने, जाहीर केलं. घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज पुसून लिनक्स टाकायला त्याने दाउरेन नावाच्या मित्राला बोलावलं होतं. काम संपलं तरी दाउरेनचं प्रवचन संपेना. शेवटी मी त्याचा चहाचा प्याला काठोकाठ भरला. घोट-घोट ओतला तर पाहुण्याने बसायचं, भरून दिला की उठायचं, हे आमच्या कारागांदा शहरात शेंबड्या पोरालाही कळतं. दाउरेन उठला.

स्वातंत्र्य दुसऱ्याच दिवशी दिसलं. प्रिंटर रुसला. व्हिडिओ कॉलवर सेरझानच्या मावशींचा चेहरा दिसे, पण आवाज येईना. यावर सासूबाई सोडून कुणाची तक्रार नव्हती म्हणा. प्रिंटरची समजूत काढायला गेले, तर कॉम्प्युटर पासवर्ड मागू लागला.

संध्याकाळी आम्ही तिघं चहाला बसल्यावर मी विचारलं, "पासवर्ड काय आहे रे?"

"तो मालकाचा असतो. लागला की मला सांगायचं, मी येऊन टाकीन."

"मग मी कोण?"

"तुला आणि आईला पाहुण्यांचं खातं दिलंय. म्हणजे तुम्ही काही बिघडवणार नाही."

"आणि ते स्वातंत्र्य?"

"आहे की! आता बाहेरच्या कुणाची परवानगी लागत नाही."

खरंच की. आता घरातल्याची लागते.

सासूबाईंनी माझ्या हातातली किटली घेतली.

"पी हो, राजा," त्या म्हणाल्या, आणि लेकाचा प्याला काठोकाठ भरला.