शिट्टी वाजवता आली पाहिजे

"या शिष्यवृत्तीतही बसत नाहीस," मामा म्हणाला आणि त्याने झेरॉक्सच्या मशीनला एक चापट मारली. मशीन कण्हत चालू झालं.

अख्खी गल्ली जिला शिट्टी म्हणायची, त्या त्याच्या भाचीने कपाळावर हात मारून घेतला. पशुवैद्यक कॉलेजात तिचा नंबर लागला होता, तोही स्वतःच्या मार्कांवर. पण सोमवारपर्यंत फी भरली नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती आणि शिट्टी चपलांच्या दुकानात, खोकी रचायला. तिथला मालक तर 'कधीपासून येतेस?' म्हणून विचारूनही गेला होता.

"आता काय कमी पडलं?"

"वडील."

"परवा तर जास्त झाले होते!"

खोटं नव्हतं ते. तिचे वडील दाढीचा साबण आणायला म्हणून गेले ते गेलेच. वडील नसलेल्या मुलींच्या शिष्यवृत्तीला त्यांच्या मृत्यूचा दाखला लागे, असलेल्यांच्या शिष्यवृत्तीला पगाराचा. हा बाबा जाताना दोन्ही दाखले खिशात घालून गेला होता. कर्ज काढावं तर बँकेला हवा तारण म्हणून काहीतरी ऐवज. आईचं शिलाई मशीन आणि मामाचं हे कण्हणारं मशीन, एवढीच काय ती घराण्याची इस्टेट!

मामा तिच्या आईचा भाऊ, पण हाक मारायला अख्ख्या गल्लीचा मामा. लोकांच्या दाखल्यांच्या झेरॉक्स काढता काढता कुठल्या ट्रस्टची काय अट, हे त्याला तोंडपाठ झालेलं. गवंड्याची मुलगी, इस्त्रीवाल्याची जुळी, किती जणांना त्याने कॉलेजच्या दारात नेऊन उभं केलं. फुकट, वर चहा पाजून. असा माणूस पाठीशी असताना रडायचं कशाला, असं शिट्टीला नेहमी वाटायचं. आज मात्र मामानेच हात टेकले होते.

तेवढ्यात समोरचा लंगडा कुत्रा रस्त्याच्या मधोमध जाऊन बसला. शिट्टीने तोंडात बोटंही न घालता अशी शीळ घातली की तो मुकाट उठून दुकानात आला.

"अगं, कान गेले माझे!" मामा ओरडला. "आणि तो कागद सोड आधी. डाव्या हाताने लिहितेस आणि सगळी शाई फासून ठेवतेस."

शुक्रवारी संध्याकाळी मामा धापा टाकत घरी आला. "सापडली शिष्यवृत्ती! अट ऐका. पशुवैद्यक शिकणारी, डावरी, आणि तोंडाने शिट्टी वाजवता येणारी मुलगी."

आईने शिलाई थांबवली. "दादा, पोरीची थट्टा करू नकोस. आधीच रडकुंडीला आलीये ती."

"थट्टा कसली? जगात काय एकेक नमुने असतात, तुला काय ठाऊक! परवा मुलाखत आहे."

शिट्टीने मामाला मिठीच मारली. धन्य तो मामा! कुठल्या कोपऱ्यातून काय खणून काढेल, नेम नाही.

पण अंथरुणावर पडल्यावर तिला राहवेना. अट इतकी नेमकी कशी? मामाने आपल्या फीसाठी मशीन तर नाही विकून टाकलं? शनिवारी सकाळी ती धावतपळत दुकानात गेली. मशीन जागेवर होतं आणि नेहमीसारखं कण्हत होतं. मामाची हातातली अंगठी हातातच होती. आपण भलताच संशय घेतला म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

मुलाखत सायकलच्या दुकानावरच्या खोलीत होती. टेबलामागे चार खुर्च्या, माणसं तीन. एक ताडमाड उंच बाई, दातांची डॉक्टर; एक आग विझवणाऱ्या बंबावरचा जवान आणि एक शाळेतली बाई. मामा तिला आत सोडून कोपऱ्यात चहा ओतायला लागला. कपबशा कुठल्या फडताळात आहेत, ते त्याला बरं माहीत होतं.

मार्कांचं कुणी नावही काढलं नाही. कुठे कुठे नकार मिळाला, ते विचारलं. शिट्टीने सगळं सांगितलं. साबणाची गोष्ट ऐकून बंबवाला खो-खो हसला आणि शाळेतल्या बाईंनी डोळे पुसले.

"आता शिट्टी," डॉक्टर म्हणाली.

ओठ कोरडे पडले होते. पहिली फुसकी निघाली. दुसरी मात्र अशी सणसणीत बसली की खाली रस्त्यावरचे कुत्रे भुंकायला लागले.

"झालं. सोमवारी सकाळी आम्ही फी भरतो."

शिट्टीला रडू आवरेना. मामाने पुढे केलेल्या कपातला चहा तिने निम्मा बशीत सांडला. मग नाक पुसत तिने विचारलं, "अजून कोण कोण आलं होतं?"

"कुणीच नाही."

"पण मग... अशी अट घातली तरी कुणी?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माझ्या वेळी होती, उंचावर चढायला घाबरणारा आणि आजीने वाढवलेला," बंबवाला म्हणाला. "भीती नंतर गेली."

"माझ्या वेळी, दाराच्या चौकटीला डोकं आपटणारी," डॉक्टर म्हणाली.

"अडखळत बोलणारी, पण गाताना न अडखळणारी," शाळेतल्या बाई सावकाश म्हणाल्या.

शिट्टी वळली. "आणि मामा, तुझ्या वेळी?"

"माझ्या वेळी कोण होतं गं?" मामा किटली खाली ठेवत म्हणाला. "म्हणून तर ही सगळी उठाठेव."

डॉक्टरने चौथी खुर्ची पुढे ओढली. "बस इथे. पैसे कमवायला लागशील तेव्हा आमच्यासारखे यात घालशील, आज नुसतं डोकं चालव. मामाकडे एक मुलगी आलीये. आईबाप दोघंही तुरुंगात, त्यामुळे कुठल्याच ट्रस्टला चालत नाही. सायकल मात्र उलटी बसून चालवते म्हणे. बोल, अट काय घालायची?"