पेटीला पाय

पेटीला पाय लागला, की सासरे घर डोक्यावर घ्यायचे. हातांना कंपवात झाला तेव्हा कुठे त्यांनी ती मला वाजवायला दिली. आज शहाद्याच्या भजनस्पर्धेत मंचाच्या गुळगुळीत फरशीवर सतरंजीसकट पेटी सरकत होती. भाता दाबला, की पळालीच. पायानं अडवली असती, पण सासरे पहिल्याच रांगेत बसलेले. दुसऱ्या कडव्याला सूर तुटला. मंडळातल्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. सासरे काठी टेकत वर आले, परीक्षकांकडे पाठ करून माझ्यासमोर बसले. त्यांनी पेटी हातांनी धरली, तर कंपानं तीही थरथरू लागली. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग धोतर सावरून दोन्ही तळपाय भात्याच्या दोन बाजूंनी पेटीला घट्ट लावले. “तू वाजाड, बेटा. मी शे.” ते होतेच; पेटी जागची हलली नाही. भजन संपलं, तेव्हा त्यांनी पेटीला नमस्कार केला. मी त्यांच्या पायांना.