पाठ

नवी मोठी वहिनी जुन्या मोठ्या वहिनीच्या घरी आली, तेव्हा जुनीचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि दार उघडायला तिची आई गेली.

"अगंबाई, मोठी वहिनी!" आई दारातच ओरडली. पोटच्या लेकीने नऊ वर्षं मालिकेत ती भूमिका केली, पण आईने तिला या नावाने कधी हाक मारली नव्हती.

सेटवरच्या जिन्यात पाय घसरला, त्याला पाच आठवडे झाले होते. पहिल्या आठवड्यात फुलं आली. दुसऱ्या आठवड्यात निर्मात्याचा फोन आला, रोजची मालिका कुणाच्या पायासाठी थांबत नाही म्हणून. तिसऱ्या आठवड्यात पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकली: मोठ्या वहिनीच्या भूमिकेत आता नवा चेहरा. नऊ वर्षांचा संसार एका ओळीत आटोपला.

नवी खुर्चीच्या टोकावर बसली. आठ वर्षांनी लहान, नाकीडोळी नीटस, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वभावाने गरीब. नखरेल असती तर निदान तिला नावं तरी ठेवता आली असती.

"ताई, रागावू नका," ती म्हणाली. "लोक लिहितात, ही आमची वहिनी नव्हेच. खरंच आहे ते."

हे ऐकून जुनीला इतकं बरं वाटलं की तिने चहात बुडवून लागोपाठ दोन बिस्किटं खाल्ली.

"परवा मोठा सीन आहे. मुलगा घर सोडून जातो. सगळे म्हणतात, तुम्ही असतात तर रडून लोकांचा जीव काढला असतात. मला तसं रडता येत नाही हो. ग्लिसरीन घातलं तरी नाही. काय करू?"

जुनीने कप खाली ठेवला. या सीनची ती वर्षभर वाट बघत होती. तो तिच्यासाठीच लिहिणार, असा लेखकाने शब्द दिला होता. बाथरूमच्या आरशासमोर तिने तो रडूनही पाहिला होता: आधी ओठ, मग हनुवटी, डोळे सगळ्यात शेवटी. आता तेही या बाईच्या हातात आयतं ठेवायचं?

"रडूच नकोस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मुलगा बोलायला लागला की कॅमेऱ्याकडे पाठ फिरव आणि उभी राहा. शेवटपर्यंत वळायचं नाही."

"आणि माझे संवाद?"

"एकही बोलायचा नाही."

मालिकेत चेहरा विकला जातो, पाठ नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. डायरेक्टर चारचौघांत झाडणार, बघणारे शिव्या घालणार, आणि प्लास्टर निघेपर्यंत निर्मात्याला जुनीची आठवण येणार. नवीने मात्र पर्समधून डायरी काढून सगळं लिहून घेतलं. निघताना तिने जुनीचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुमच्यासारखं मन कुणाचं नसतं, ताई."

"भोळी आहे गं बिचारी," ती गेल्यावर आई म्हणाली.

"हो ना," लेक म्हणाली, आणि कधी नव्हे ती दुपारी गाढ झोपली.

पुढच्या आठवड्यात, संध्याकाळी साडेसातला, आईने टीव्हीचा आवाज वाढवला. लेकीने तो कमी करायला सांगितलं नाही.

पडद्यावर मुलाने बॅग उचलली आणि बोलायला सुरुवात केली. मोठ्या वहिनीने पाठ फिरवली.

जुनीच्या ओठांवर हसू आलं. ते तिथेच राहिलं, कारण कॅमेरा हललाच नाही. नुसती पाठ. मानेचं वर आलेलं हाड, अंबाड्यातून सुटलेली एक बट. मुलगा बोलत राहिला, मग अडखळला, मग म्हणाला, "आई, काहीतरी बोल ना." हे वाक्य लिहिलेलं नसणार. एरवी तो पोरगा कागदाबाहेरचा एक शब्द बोलत नाही, हे जुनीला पक्कं ठाऊक होतं. पाठ तशीच. फक्त उजवा हात खुर्ची चाचपत राहिला, आणि खुर्ची तिथे नव्हती. दार लागलं.

साबणाची जाहिरात सुरू झाली. आईने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. लेक पडद्यावर धाय मोकलून रडायची, तेव्हा आई भाजी निवडत असायची.

"काय केलं गं हिने?" आई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "काहीच तर केलं नाही."

जुनीच्या अंगाची लाही लाही झाली. ते तिचं होतं. तिला सुचलेलं, तिच्या तोंडून निघालेलं. नऊ वर्षांत एकदाही तिने ते स्वतःसाठी वापरलं नव्हतं.

फोन वाजला. पलीकडे नवी हुंदके देत होती, अगदी खरेखुरे.

"बघितलंत ना, ताई? डायरेक्टर कट म्हणायलाच विसरले होते! मी सगळ्यांना तुमचं नाव सांगितलं. आता उद्या आणखी एक सीन आहे. मुलाची रिकामी खोली, आणि मी एकटीच. काय करू? तुम्हीच सांगा."

जुनीने आईकडे पाहिलं. आई अजून साबणाच्या जाहिरातीकडे बघत डोळे टिपत होती.

"उद्या ना?" ती अगदी मायेने म्हणाली. "उद्या रड गं बाई. पोटभर रड. मी नऊ वर्षं तेच केलं."