आधीच्याला गुण आला तर

बहात्तरच्या दुष्काळात नळदुर्गजवळच्या दूध सोसायटीत दूध उरलं नव्हतं, म्हणून तिथं खरजेचं मलम मिळू लागलं. मलमं दोन होती, पांढरं आणि पिवळं; त्यातलं चांगलं कोणतं ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचा नियम साधा होता: आधीच्या रोग्याला गुण आला तर पुढच्याला तेच, नाहीतर दुसरं. नागप्पाची खरूज पांढऱ्या मलमानं बरी झाली, पण लावताना असं झोंबलं की मेलेले आजोबा दिसले. आणि आठवड्यानं तो दाखवायला आला, तेव्हा रांगेत त्याच्यामागं बायको शरणम्मा उभी होती. “गुण आला?” डॉक्टरांनी विचारलं. “न्हाय साहेब, लई खाजतंय,” म्हणत नागप्पानं पोट खाजवलं. “खोटं बोलतेत,” शरणम्मा म्हणाली. “खरूज बोटांत होती, खाजवतेत पोट. मला पांढरंच लावा.” नर्सबाईंनी तिच्या हातांना मलम चोळलं. शरणम्मानं ओठ आवळले. “आय आय गं!” नागप्पा ओरडला.